झेड/व्हीएमवर शेअर वाढवूनही गेस्ट रखडतो, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: पर्वरीच्या ऑफिसात बसून परदेशातल्या ग्राहकाचा मेनफ्रेम सांभाळता. झेड/व्हीएम (एका मेनफ्रेमवर अनेक आभासी यंत्रं चालवणारी प्रणाली), ४ आयएफएल (लिनक्ससाठी राखलेले प्रोसेसर), त्यावर लिनक्सचे ११ गेस्ट, म्हणजे आभासी यंत्रं. त्यातला डेटाबेसचा गेस्ट ६ व्हर्च्युअल सीपीयूंचा, बाकी १० वेब सर्व्हर एकेका सीपीयूचे. महिनाअखेरीला डेटाबेस रखडतो. तुम्ही त्याचा रिलेटिव्ह शेअर (बाकीच्यांच्या तुलनेत सीपीयूचा वाटा) १०० वरून १००० केलात, सगळ्या गेस्टना क्विकडिस्पॅच (ताटकळत न राहता आत जाण्याची सवलत) दिलंत, स्टोरबफचे (मेमरीच्या मर्यादेचे) आकडे वाढवलेत, आणि फरक काहीच पडला नाही. आता विचारता, की डीएसपीस्लाइस, म्हणजे एका वेळी मिळणारा सीपीयूचा तुकडा, बदलून बघू का?

नको. ५ मिलिसेकंदांची ती मूळ किंमत आहे तशी राहू दे. त्यापेक्षा तुमच्याच प्रयोगाकडे नीट बघा. दहापट शेअर देऊनही फरक पडला नाही, हेच उत्तराच्या निम्म्या वाटेवर नेणारं आहे.

शेड्युलर सीपीयू तयार करत नाही, टंचाई असेल तर ती वाटून देतो. चारही आयएफएलवर जागा मोकळी असेल तर १ शेअरवाला गेस्टही हवं तेवढं धावतो आणि १०,००० वालाही. सगळे एकदम मागायला लागले की मगच शेअरला अर्थ येतो. तेव्हा आधी ठरवायचं की तुमचा गेस्ट सीपीयूसाठी थांबतोय की दुसऱ्याच कशासाठी.

तरी आधी याद्यांचा घोळ सोडवू, कारण क्विकडिस्पॅच आणि स्टोरबफ दोन्ही तिथेच गुंतलेत. सीपी, म्हणजे झेड/व्हीएमचा गाभा असलेला कंट्रोल प्रोग्राम, प्रत्येक गेस्टला तीनपैकी एका यादीत ठेवतो. काहीच काम नसलेले डॉर्मंट. काम आहे आणि सीपीयूच्या स्पर्धेत उतरलेत ते डिस्पॅच लिस्टवर. काम आहे पण मेमरीची किंवा पेजिंगची (मेमरीतली पानं डिस्कवर ने-आण करण्याची) तंगी म्हणून अजून आत घेतलेले नाहीत, ते एलिजिबल लिस्टवर. रायबंदरहून चोडणला जायचं तर फेरीबोटीत चढलेल्या गाड्या वेगळ्या आणि धक्क्यावर ताटकळलेल्या वेगळ्या, तसंच हे. क्विकडिस्पॅच म्हणजे रुग्णवाहिकेसारखं थेट बोटीत चढणं. धक्क्यावर कोणी अडकलेलंच नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? आणि बोटीत चढल्यावर बोट काही जास्त वेगाने जात नाही.

म्हणून आधी सीपीचा इंडिकेट लोड द्या. त्यात ई१, ई२, ई३ या रकान्यांत शून्य दिसत असेल तर एलिजिबल लिस्टचा प्रश्नच नाही, आणि क्विकडिस्पॅच व स्टोरबफ दोन्ही विषय तिथेच संपले. इंडिकेट क्यूज एक्स्पांडेड दोन-चारदा, गेस्ट रखडलेला असतानाच चालवा, म्हणजे कोण कुठल्या यादीत आहे ते नावानिशी दिसेल. सकाळी निवांत असताना घेतलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही.

क्विकडिस्पॅच सगळ्यांना देणं मला पटत नाही. ज्यांच्यावाचून बाकीच्यांचं अडतं त्यांच्यासाठी ते आहे: टीसीपीआयपी (नेटवर्कचं यंत्र), व्हर्च्युअल स्विचचे कंट्रोलर, सुरक्षा सांभाळणारं सर्व्हर यंत्र, परफॉर्मन्स टूलकिटचं (मापं घेणाऱ्या साधनाचं) यंत्र, ऑपरेटर. सगळे क्यू० मध्ये, म्हणजे न अडवता आत घ्यायच्या वर्गात, गेले की मेमरीची खरीखुरी तंगी आली त्या दिवशी सीपीला कोणालाच थोपवता येत नाही आणि सगळा भार पेजिंगवर येतो. दहा वेब सर्व्हरांचं क्विकडिस्पॅच काढून टाका. डेटाबेसचं ठेवलंत तर माझी हरकत नाही, पण त्याने वेग वाढेल ही अपेक्षा सोडा.

स्टोरबफबद्दल एवढंच. जुन्या आवृत्त्यांत मूळ आकडे १२५, १०५, ९५ असे होते. पहिला आकडा सगळ्या वर्गांच्या गेस्टनी मिळून किती टक्के मेमरी व्यापावी त्याचा, दुसरा मधल्या आणि लांब कामांचा, तिसरा फक्त लांब कामांचा. ही विभागणी सीएमएसवाल्या (टर्मिनलवरच्या वापरकर्त्यांच्या प्रणालीच्या) काळातली. १९७२ साली व्हीएम/३७० आलं तेव्हापासून टर्मिनलवर बसलेली माणसं एकेक कमांड देत आणि मध्ये विचार करत बसत. त्यांची कामं छोटी, मध्यम, लांब अशी खरंच वेगळी काढता येत. लिनक्सचा गेस्ट विचार करायला थांबत नाही, त्यामुळे त्याचं ‘काम’ संपतच नाही आणि तो शेवटी क्यू३ मध्ये, म्हणजे लांब कामांच्या वर्गात, जाऊन बसतो. सगळेच गेस्ट क्यू३ मधले म्हटल्यावर ९५ चा आकडा सगळ्यांनाच लागू होतो आणि विनाकारण अडवणूक होते. म्हणून लिनक्सवाली मंडळी ३००, २५०, २०० ठेवत आली. तुम्ही तेच केलं असेल तर मागे फिरवायची गरज नाही. आयएबायसही याच कारणाने सोडून द्या. तो टर्मिनलवरच्या माणसाला झटपट उत्तर मिळावं म्हणून होता.

आता शेअरचं गणित, आणि इथे जरा रेंगाळू, कारण बहुतेकांचा पाय इथेच घसरतो.

सुरुवातीला तुमचे अकराही गेस्ट रिलेटिव्ह १०० वर होते. बेरीज ११००. डेटाबेसचा वाटा ११०० पैकी १००, म्हणजे सुमारे ९ टक्के. ४ आयएफएलच्या ९ टक्के म्हणजे एका आयएफएलचा ०.३६ भाग. वेब सर्व्हरांनाही प्रत्येकी तेवढाच. इथपर्यंत सगळं समान दिसतं. पण शेअर गेस्टला मिळतो, सीपीयूला नव्हे. गेस्टला जितके व्हर्च्युअल सीपीयू असतील तितक्यांत तो वाटला जातो. वेब सर्व्हरचा एकुलता एक सीपीयू ०.३६ घेऊन बसला आणि डेटाबेसच्या सहांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला आलं ०.०६. ज्याच्यावर धंदा चालतो त्याचा प्रत्येक सीपीयू रांगेत सहापट मागे, आणि सेटिंगमध्ये मात्र सगळीकडे १०० लिहिलेलं. सीपीयू वाढवताना शेअर तोच ठेवला की असं होतं, आणि ते कुठेही लाल अक्षरांत लिहून येत नाही.

ढोबळ नियम म्हणून जितके व्हर्च्युअल सीपीयू तितके शंभर हा पाया धरा, आणि ज्याला खरंच प्राधान्य द्यायचं त्याला त्यावर वाढवा. तुम्ही १००० दिलेत. बेरीज झाली २०००, डेटाबेसचा वाटा ५० टक्के, म्हणजे पूर्ण दोन आयएफएल. ०.३६ वरून २ वर, साडेपाचपट हक्क वाढला. तरीही तो तितकाच रखडतो म्हणजे एक तर त्याला सीपीयू कमी पडतच नव्हता, किंवा कमतरता झेड/व्हीएमच्या बाहेरून येते, किंवा सहा सीपीयूंचं आपापसात जमत नाही. तिन्ही तपासू.

त्याआधी बेरजेबद्दल एक गोष्ट. बेरीज फक्त त्या क्षणी डिस्पॅच लिस्टवर असलेल्यांची धरली जाते. निजलेला गेस्ट बेरजेत नाही. पण निजायला ३०० मिलिसेकंदांची शांतता लागते, तेवढा वेळ सीपी ‘हा खरंच रिकामा आहे का’ हे बघत थांबतो. पूर्वीच्या लिनक्स कर्नलची सेकंदाला शंभर टिकटिक चालायची, त्यामुळे बिनकामाचा गेस्टही कधी रांगेतून उतरत नसे. नवे कर्नल तसं करत नाहीत, पण आता ती जागा देखरेखीच्या एजंटांनी घेतली आहे. दर गेस्टवर तीन-तीन एजंट, प्रत्येक जण सारखा उठून ‘सगळं ठीक?’ विचारणार. गेस्ट काही करत नाही, तरी यादीत राहतो आणि वाटणीत भागीदार होतो. तुमच्या वेब सर्व्हरांवर काय काय चालतं ते एकदा बघा, त्यातलं निम्मं कोणी वाचतही नसेल.

रिलेटिव्ह की अ‍ॅब्सोल्यूट हाही प्रश्न येईलच. अ‍ॅब्सोल्यूट ३० टक्के दिलात तर गर्दी कितीही असो, ३० टक्क्यांचा हक्क राहतो, आणि उरलेलं रिलेटिव्हवाले वाटून घेतात. मी तो टीसीपीआयपीसारख्या यंत्रांना किंवा करारात ठराविक क्षमता लिहून दिलेल्या गेस्टला देतो. बाकी सगळे रिलेटिव्ह. दोन्ही प्रकार मनमानीने मिसळले की सहा महिन्यांनी हिशेब कोणालाच लागत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही.

आता थांबण्याचं कारण. परफॉर्मन्स टूलकिटमधला यूस्टॅट, म्हणजे एफसीएक्स११४ क्रमांकाचा अहवाल, महिनाअखेरीच्या रात्रीचा काढा. त्यात प्रत्येक गेस्ट किती टक्के वेळा धावताना सापडला, किती वेळा सीपीयूसाठी थांबला, किती वेळा पेजसाठी, किती वेळा आय/ओसाठी, किती वेळा एलिजिबल लिस्टवर होता आणि किती वेळा मर्यादेमुळे अडला, ते वेगवेगळ्या रकान्यांत असतं. सीपीयूसाठी थांबल्याचा रकाना मोठा असेल तरच शेअरला हात लावायचा. पेजचा मोठा असेल तर मेमरी, आय/ओचा मोठा असेल तर डिस्क. माझ्या अनुभवात ‘शेड्युलर ट्यून करा’ म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच या एका पानावर निकालात निघतात.

लिनक्सच्या आतून व्हीएमस्टॅटमधला स्टीलचा रकानाही बघा, पण जपून. स्टील म्हणजे गेस्टला धावायचं होतं आणि सीपीयू मिळाला नाही तो वेळ, हे खरं. पण सीपी त्या गेस्टसाठीच एखादी सूचना हाताळत असतो तो वेळही त्यात मिसळतो. स्टील कमी आणि तरी डेटाबेस मंद, तर शेड्युलर निर्दोष आहे. स्टील जास्त, तर शेजारी यूस्टॅट ठेवून बघायचं की खरी स्पर्धा आहे की सीपीवरचं ओझं.

बाहेरून येणारी कमतरता म्हणजे एलपार, मेनफ्रेमचे हार्डवेअरच्या पातळीवर पाडलेले भाग. तुमचं झेड/व्हीएम स्वतःच एका एलपारमध्ये पाहुणं आहे, आणि तिथे वाटणी पीआर/एसएम (हार्डवेअरबरोबरच येणारं वाटणीचं सॉफ्टवेअर) करतं, वजनानुसार. चारही आयएफएल दुसऱ्या एलपारबरोबर सामायिक असतील आणि महिनाअखेरीला तिकडचीही गर्दी वाढत असेल, तर तुम्ही इकडे शेअर कितीही हलवा, मुळात पिठाचा डबाच रिकामा. एफसीएक्स१२६, म्हणजे एलपार अहवाल, आणि प्रोसेसर लॉगमधला सस्पेंड झालेल्या वेळेचा रकाना बघा. तो चढलेला दिसला तर ग्राहकाच्या हार्डवेअर टीमशी बोलून वजन बदलून घ्यावं लागेल. हे काम तुमच्या हातातलं नाही, म्हणून लोक शेवटी बघतात. मी आधी बघतो.

तिसरी शक्यता सहा सीपीयूंची, आणि माझा संशय इथेच जास्त आहे. खाली लॉजिकल सीपीयू ४ असताना गेस्टला ६ देण्यात अर्थ नाही. एका वेळी चारापेक्षा जास्त धावूच शकत नाहीत. वर नुकसान आहे ते वेगळंच. कर्नलमध्ये एका सीपीयूने लॉक (इतरांना थांबवणारं कुलूप) धरलंय आणि नेमकं तेव्हाच सीपीने त्याला बाजूला ठेवून दुसऱ्या गेस्टला घेतलं, की बाकीचे पाच त्या लॉकभोवती घिरट्या घालतात. लिनक्सला आपण व्हर्च्युअल आहोत हे कळतं, म्हणून तो डायग्नोज ९सी वापरून ‘माझा वेळ त्या लॉकवाल्याला द्या’ असं सीपीला सांगतो. पण त्या विनवण्यांनाही सीपीयू लागतो. सेकंदाला त्यांची संख्या फार वाढलेली दिसली, आणि गेस्टचा एकूण सीपीयू वेळ भागिले व्हर्च्युअल वेळ (त्याच्या स्वतःच्या कामाचा) हे गुणोत्तर १ पासून बरंच वर गेलं, तर रोग हाच.

फिजिकल सर्व्हरवरून आलेल्या डेटाबेसवाल्याला हे पटवणं अवघड जातं. त्याच्या डोक्यात ‘जास्त कोअर म्हणजे जास्त वेग’ बसलेलं असतं. वाद घालू नका, आकडे दाखवा. यूझर अहवाल, एफसीएक्स११२, उघडून गेस्ट गर्दीच्या वेळी एकूण किती टक्के सीपीयू खातो ते बघा. १०० टक्के म्हणजे एक पूर्ण सीपीयू. २२० टक्क्यांच्या वर कधी जातच नसेल तर त्याला तीन पुरतात. रीबूटही नको. लिनक्समध्ये सीएचसीपीयू या कमांडने तीन सीपीयू ऑफलाइन करा. थांबवलेल्या सीपीयूंचा वाटा त्याच गेस्टच्या उरलेल्या सीपीयूंकडे जातो, वाया जात नाही. शेअर ३०० केलात तर बेरीज १३००, प्रत्येक सीपीयूला सुमारे ०.३१, वेब सर्व्हरांच्या अगदी बरोबरीने. डेटाबेसला पुढे ठेवायचं तर ६०० द्या. तेवढं भरपूर झालं, १००० ची गरज नाही.

महिनाअखेर म्हटली की मेमरीही बघावीच लागते. रोज न लागणाऱ्या जुन्या तक्त्यांना तेव्हा हात लागतो, पानं डिस्कवर गेलेली असतात आणि ती परत आणताना गेस्ट थांबतो. यूस्टॅटमध्ये पेजसाठी थांबल्याचा रकाना याचीच साक्ष देईल. तसं असेल तर डेटाबेस गेस्टला सेट रिझर्व्हड देऊन त्याची आवश्यक तेवढी मेमरी राखून ठेवा आणि वेब सर्व्हरांची मेमरी कमी करा. लिनक्सला दिलेली मेमरी तो फाइल कॅशने भरून टाकतोच, गरज असो वा नसो. २ जीबीत भागणाऱ्याला ८ दिली तर त्याला त्याचा फायदा नाही, आणि सीपीला वरची ६ सांभाळत बसावी लागते. किंचित स्वॅप सुरू होईपर्यंत आकार उतरवायचा आणि तो स्वॅप व्हीडिस्कवर (मेमरीतल्या आभासी डिस्कवर) ठेवायचा, ही जुनी पद्धत अजूनही चालते.

लिमिटहार्ड, म्हणजे सीपीयूच्या वापरावरची कडक मर्यादा, तुम्ही वापरलेली नाही, ते बरंच. चाचणीच्या गेस्टना लोक सर्रास लावतात. नुसतं मागे ठेवायचं असेल तर कमी शेअर पुरतो, रिकामा सीपीयू असताना त्याला वापरू द्यायला काय हरकत? मर्यादा लावावी ती परवान्याच्या किंवा कराराच्या कारणासाठी, आणि त्यासाठी झेड/व्हीएम ६.३ पासून सीपीयू पूल आहेत. गेस्टचा एक गट करून सगळ्यांवर मिळून एकच मर्यादा घालता येते. हायपरडिस्पॅच, म्हणजे कामाची प्रोसेसरांवर नीट मांडणी करणारी सोय, तीही ६.३ मध्येच आली. तिची व्हर्टिकल मांडणी आणि अनपार्किंगची मूळ सेटिंग तुमच्या आकाराच्या यंत्राला योग्य आहे. एलडीयूबफ आणि डीएसपीबफ या स्टोरबफसारख्याच मर्यादांनाही हात लावू नका.

बदल करताना एका वेळी एकच. आधी क्वेरी एसआरएम (शेड्युलरची सेटिंग दाखवणारी कमांड) आणि क्वेरी शेअरचं आउटपुट जपून ठेवा. सेट शेअर गेस्ट लॉगऑफ होईपर्यंतच टिकतो, आणि सेट एसआरएम पुढच्या आयपीएलपर्यंत, म्हणजे झेड/व्हीएम पुन्हा सुरू करेपर्यंत. पटलेला शेअर यूझर डिरेक्टरीत लिहा, एसआरएमचं काही ठेवायचं असेल तर ऑटोलॉग१ च्या प्रोफाइलमध्ये. नाहीतर कोणीतरी रविवारी आयपीएल करतं आणि सोमवारी सगळं मूळपदावर. आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या दिवशी बदल टाकून गावी जाऊ नका. ग्राहकाला चवथ माहीत नसते, फोन येतोच, आणि माटोळी (गणपतीवरचा फळाफुलांचा मांडव) बांधता बांधता क्वेरी शेअर वाचणं काही सुखाचं नाही.

गेस्टच्या कन्सोलवर लॉगऑन करत असाल तर सेट रन ऑन आहे ना याची खात्री करा. नसेल तर सीपी रीडमध्ये (सीपी कमांडची वाट बघत बसतो त्या स्थितीत) शिरताच गेस्ट जागच्या जागी थांबतो. पावसात आमच्या फोंड्याला वीज गेली की व्हीपीएन तुटतं, पर्वरीलाही फार वेगळं नसणार. अशा वेळी डेटाबेसचा कन्सोल सीपी रीडमध्ये अडकलेला नको.

या महिनाअखेरीला फक्त माप घ्या, बदल काही करू नका. यूस्टॅट, यूझर, एलपार हे तीन अहवाल आणि त्याच वेळचं इंडिकेट लोड. सीपीयू सहावरून तीनवर आणायचा बदल त्यानंतरच्या आठवड्यात, डेटाबेसवाल्यांच्या संमतीने.